फाईलचा प्रकार ठरवतं कोण? नाव, आतले बाइट की ऑपरेटिंग सिस्टिम?

कोराकागद

एका ऑनलाईन अर्जात स्क्रीनशॉट जोडायचा आहे. अर्जाला फक्त जेपीजी चालते आणि माझी फाईल आहे पीएनजी. म्हणून नावाच्या शेवटचं 'डॉट पीएनजी' काढून 'डॉट जेपीजी' केलं. लॅपटॉपने फारशी कुरकुर केली नाही. आयकॉन जेपीजीचा दिसतो, डबल-क्लिक केलं की चित्रही उघडतं. अर्जाचं पान मात्र अडून बसलंय : ही जेपीजी फाईल नाही.

यातलं बरोबर कोण? आणि मुळात एखादी फाईल चित्र आहे, गाणं आहे की प्रोग्राम, हे ऑपरेटिंग सिस्टिमला समजतं तरी कशावरून? जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावं, घाई नाही.

शून्यातून

सर्व्हर बरोबर आहे. लॅपटॉपही खोटं बोलत नाहीये, त्याने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय.

डिस्कवर फाईल म्हणजे नुसती बाइटची रांग. फाईल सिस्टिम तिच्याबद्दल नाव, आकार, तारखा, परवानग्या आणि ती डिस्कवर कुठे आहे एवढं लिहून ठेवते. हे फोल्डर आहे, साधी फाईल आहे की दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक, हेही तिला ठाऊक असतं. पण 'ही जेपीजी आहे' असा रकाना विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नाही, जुन्या डिस्क आणि पेनड्राइव्हच्या एफएटीमध्ये नाही, लिनक्सच्या ईएक्सटी४मध्येही नाही. त्यामुळे प्रकार हा दर वेळी कुणीतरी काढलेला निष्कर्ष असतो. कोण काढतंय त्यावर पुरावा बदलतो.

तुम्ही डबल-क्लिक केलंत तेव्हा फाईल एक्सप्लोररला एवढंच ठरवायचं होतं की कुठला प्रोग्राम सुरू करायचा. त्याने नावाचं शेपूट पाहिलं आणि फोटोंचा प्रोग्राम बोलावला. त्या प्रोग्रामला चित्र उलगडायचं होतं, म्हणून त्याने फाईल उघडून सुरुवातीचे बाइट वाचले. तिथे ८९ ५० ४ई ४७ दिसलं (बाइट असे सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून मध्ये अक्षरं), म्हणजे पीएनजी. त्याने नावाकडे काणाडोळा करून पीएनजी म्हणूनच उलगडली आणि तुम्हाला काही बोलला नाही. सर्व्हरनेही तेच बाइट वाचले, फक्त त्याला पीएनजी नको होती.

नाव बदलल्याने आतला एकही बाइट हलत नाही. चित्रांच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडा आणि 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी निवडा, मग ती खरोखरची जेपीजी होईल.

कोराकागद

झालं! अर्ज गेला. पण धागा बंद करू नका, मला आता जास्तच उत्सुकता आहे.

टिपकागद

माझाही प्रश्न यातच घुसडते. कुठल्या शेपटाला कुठला प्रोग्राम ही यादी विंडोज ठेवतं कुठे? आणि पूर्वी नवीन प्रोग्राम टाकला की तो सगळी गाणी, सगळे व्हिडिओ परस्पर स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. हल्ली तसं होत नाही, विंडोज आपल्याला विचारतं. मध्ये काय बदललं?

उलटाबाण

यादी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात असते. 'एचकी क्लासेस रूट' नावाच्या शाखेत प्रत्येक एक्स्टेन्शनची, म्हणजे शेपटाची, एक नोंद. ती नोंद थेट प्रोग्रामकडे जात नाही, मध्ये एक टप्पा आहे. 'डॉट टीएक्सटी'ची नोंद म्हणते, माझा प्रकार 'टीएक्सटीफाईल'. मग 'टीएक्सटीफाईल'च्या नोंदीत वर्णन, आयकॉन आणि 'ओपन', 'प्रिंट' अशी क्रियापदं असतात, आणि प्रत्येक क्रियापदाखाली कोणती कमांड चालवायची ते. कमांडच्या शेवटी टक्का-एक अशी खूण असते, तिथे तुम्ही क्लिक केलेल्या फाईलचा पत्ता भरला जातो. राइट-क्लिकचा मेनूही बराचसा इथूनच तयार होतो.

ही शाखा म्हणजे दोन याद्यांचं एकत्र दिसणारं रूप. एक पूर्ण संगणकासाठीची, दुसरी तुमच्या खात्यापुरती. दोघींत वाद झाला तर तुमच्या खात्याची वरचढ.

तुम्ही म्हणताय ती पळवापळवी खरी होती. कोणताही इन्स्टॉलर रजिस्ट्रीत लिहून मोकळा व्हायचा. आता तुमची निवड 'यूझरचॉइस' नावाच्या वेगळ्या नोंदीत जाते आणि विंडोज ८ पासून तिच्यासोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा असतो. बाहेरच्या प्रोग्रामने परस्पर नोंद बदलली तर हॅश जुळत नाही आणि विंडोज ती निवड धरत नाही. पळवापळवी थांबली ती यामुळे. स्वतः मायक्रोसॉफ्ट आपलाच ब्राउझर पुढे करायला किती सोवळं पाळतं, हा विषय वेगळा.

निवांत

तीन अक्षरी शेपटाचा हा सगळा कारभार मला आजही गावठी वाटतो. १९८४च्या मॅकमध्ये याहून कितीतरी शहाणी व्यवस्था होती. प्रत्येक फाईलसोबत चार अक्षरांचे दोन कोड असायचे, एक प्रकाराचा आणि एक ती फाईल बनवणाऱ्या प्रोग्रामचा. नावात काहीही लिहा, मनात येईल तेव्हा बदला, फाईल उघडायची ती बरोब्बर. दोन फायली साध्या मजकुराच्याच, पण एक ज्या प्रोग्राममध्ये लिहिली त्यात उघडणार आणि दुसरी तिच्या प्रोग्राममध्ये. विंडोजला हे आजही धड जमत नाही. सगळ्या टीएक्सटी एकाच दावणीला.

पुढे बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमने तर एमआयएमई प्रकार ('इमेज/पीएनजी' अशा नावांचा) थेट फाईल सिस्टिमच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवला होता. चांगल्या गोष्टी मरतात आणि डॉस जगतं.

उलटाबाण

डॉसला एवढं बोलू नका, ती कल्पना त्याची नव्हतीच. आठ अक्षरं नाव आणि तीन अक्षरं एक्स्टेन्शन हे डॉसच्या आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलं. एफएटीत एका फाईलची नोंद ३२ बाइटची, त्यातले पहिले आठ नावाचे आणि पुढचे तीन एक्स्टेन्शनचे. मधलं टिंब डिस्कवर लिहिलंच जात नव्हतं, ते फक्त दाखवताना यायचं. म्हणजे त्या काळात एक्स्टेन्शन हा नावाचा भाग नव्हता, स्वतंत्र रकानाच होता. लांब नावं आल्यावर तो नावात विरघळला.

आणि डॉससुद्धा नावावर आंधळा विश्वास ठेवत नव्हतं. ईएक्सई फाईल 'एमझेड' या दोन अक्षरांनी सुरू होते, मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. ईएक्सईचं नाव 'डॉट कॉम' (डॉसमधला प्रोग्रामचा दुसरा प्रकार) केलं तरी लोडर आत 'एमझेड' पाहून ती ईएक्सई म्हणूनच चालवायचा. आजही विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये 'ट्री डॉट कॉम', 'फॉरमॅट डॉट कॉम' आहेत. नाव जुनं, आतून नव्या पद्धतीच्या ईएक्सई. ज्यांच्या जुन्या बॅच फायलींत ते पूर्ण नाव लिहिलेलं आहे त्यांची सोय.

शून्यातून

@निवांत, मॅकची व्यवस्था देखणी होती यात वाद नाही. पण ती का गेली, तेही लिहायला हवं.

ते दोन कोड फाईलच्या आत नव्हते, फाईलच्या शेजारी, फाईल सिस्टिमच्या नोंदीत होते. त्याच मशीनवर आहात तोवर उत्तम. ती फाईल एफएटीच्या फ्लॉपीवर टाकली, एफटीपीने पाठवली, मेलला जोडली की कोड गळून पडणार, कारण समोरच्या बाजूला ते ठेवायला जागाच नाही. रिसोर्स फोर्क नावाचा मॅकचा दुसरा कप्पाही तसाच गळायचा. म्हणून बिनहेक्स आणि मॅकबायनरी जन्माला आले, कोड आणि कप्पे सगळे एका गाठोड्यात बांधून पाठवायला.

माझं मत विचाराल तर एक्स्टेन्शन जिंकलं ते चांगलं होतं म्हणून नाही. फाईल कुठेही नेली तरी दोनच गोष्टी तिच्यासोबत पोचतात, आतले बाइट आणि नाव. प्रकाराची खूण या दोन्हींबाहेर ठेवणारी प्रत्येक पद्धत पहिल्याच प्रवासात उघडी पडली. २००१ साली मॅक ओएस टेन आली तेव्हा ॲपललाही एक्स्टेन्शनकडे वळावं लागलं. २००५च्या टायगर या आवृत्तीत यूटीआय, म्हणजे प्रकारांची एकसारखी नावं आली, 'पब्लिक डॉट जेपीईजी' अशी. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे उतरंड. जेपीईजी हा इमेजचा प्रकार, इमेज हा डेटाचा प्रकार. त्यामुळे एखादा प्रोग्राम 'मला कुठलीही इमेज चालेल' असं एका ओळीत सांगू शकतो. पण साध्या फाईलचा यूटीआय मॅक काढतं कशावरून? मुख्यतः एक्स्टेन्शनवरूनच. बनवणाऱ्या प्रोग्रामचा कोड २००९च्या स्नो लेपर्डने विचारात घेणं सोडलं.

विंडोजमध्ये आजही याचं एक भावंड आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलला एनटीएफएसमध्ये 'झोन डॉट आयडेंटिफायर' नावाचा अदृश्य प्रवाह चिकटतो. 'ही फाईल बाहेरून आलीय' हा इशारा त्यावरूनच येतो. फाईल एफएटीच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि परत आणा, इशारा गायब.

निवांत

हं. प्रवासाचा मुद्दा मान्य. तरी नाव बदलल्यावर फाईलची ओळख बदलावी हे मला पटत नाही ते नाहीच.

बोरू

इथे लिनक्सवाले कसे काय अजून आले नाहीत म्हणत होतो, शेवटी मीच आलो.

'लिनक्सला एक्स्टेन्शनशी देणंघेणं नाही' असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. कर्नलपुरतं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापुरतं खरं आहे. फाईल चालवता येईल की नाही हे तिथे नावावर नसतं, परवानगीच्या एका बिटवर असतं. विंडोजमध्ये 'डॉट ईएक्सई' हे नावच डबल-क्लिकला चालण्याचा परवाना होतं, युनिक्समध्ये तो परवाना वेगळा द्यावा लागतो. दोन्ही घराण्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक हाच.

बिट असला की कर्नल सुरुवातीचे बाइट बघतं. ७एफ आणि त्यापुढे 'ईएलएफ' ही अक्षरं दिसली तर तयार प्रोग्राम. हॅश (#) आणि उद्गारचिन्ह दिसलं तर ती स्क्रिप्ट, आणि त्याच ओळीत पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम) बोलावून फाईल त्याच्या हाती द्यायची. ही दोन चिन्हांची युक्ती १९८० सालची, डेनिस रिची यांची. दोन्ही नसलं तर 'बिनएफएमटी मिस्क' नावाची सोय आहे, तिथे आपण स्वतः नोंद करू शकतो की अमुक बाइटनी सुरू होणारी फाईल अमुक प्रोग्रामने चालवावी. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन बसवल्यावर काही ठिकाणी विंडोजची ईएक्सई थेट चालते, ती अशाच नोंदीमुळे.

डेस्कटॉपवर मात्र चित्र वेगळं. फाईल मॅनेजरकडे फ्रीडेस्कटॉपचा 'शेअर्ड माइम इन्फो' हा सामाईक साठा असतो. तो आधी नावच बघतो. नावावरून उत्तर मिळालं नाही, किंवा एकाहून जास्त मिळाली, तर आत डोकावतो. कारण अगदी व्यवहारी आहे. हजार फायलींचं फोल्डर दाखवताना हजार फायली उघडून वाचत बसलं तर नेटवर्कवरचं फोल्डर उघडायला चहा पिऊन यावं लागेल.

टिपकागद

मग टर्मिनलमधली 'फाईल' कमांड? ती तर नाव बघतच नाही ना?

बोरू

नाही बघत. १९७३च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीपासून ती आहे. आज बहुतेक ठिकाणी दिसते ती इयन डार्विन यांनी १९८०च्या दशकात नव्याने लिहिलेली. आधी ती विचारते, ही साधी फाईल आहे की फोल्डर, की रिकामी. मग 'मॅजिक' नावाच्या भल्यामोठ्या यादीतल्या खुणा ताडून पाहते, अमुक जागी अमुक बाइट आहेत का. काहीच जुळलं नाही तर मजकूर असल्यासारखा वाटतो का ते बघते. तेही नसेल तर 'डेटा' म्हणून हात वर करते.

खूण सुरुवातीलाच असेल असं नाही. अनेक फायलींचं गाठोडं बांधणाऱ्या टार प्रकाराची 'यूस्टार' ही खूण २५७व्या बाइटवर असते. सीडीच्या आयएसओ प्रतिमेत 'सीडी००१' शोधायला ३२,७६९ पर्यंत जावं लागतं, कारण पहिले ३२ केबी मोकळे सोडायचा नियम आहे.

उलटाबाण

खुणांचा विषय निघालाय तर पीएनजीच्या आठ बाइटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. यातला प्रत्येक बाइट कामाला लावलेला आहे.

पहिला ८९, यात सर्वांत वरचा बिट चालू आहे. वाटेत सात बिटांचीच वाहतूक करणारी एखादी यंत्रणा लागली तर तो बिट उडतो आणि फाईल बिघडल्याचं पहिल्याच बाइटवर समजतं. शिवाय साधा मजकूर सहसा असा सुरू होत नाही. मग 'पीएनजी' ही अक्षरं, माणसाला वाचायला. मग ०डी ०ए, म्हणजे डॉसच्या पद्धतीचा ओळ-शेवट. कुणी फाईल मजकूर समजून ओळ-शेवट बदलले तर ही जोडी तुटते. १ए हे डॉसमध्ये फाईल संपल्याचं चिन्ह. चुकून टाइप कमांडने पीएनजी पडद्यावर ओतली तर ती इथेच थांबते, पुढचा कचरा दिसत नाही. शेवटचा ०ए उलट दिशेचा बदल पकडायला.

म्हणजे ही खूण प्रकारही सांगते आणि फाईल वाटेत कशी बिघडली तेही सांगते. जीआयएफची 'जीआयएफ८९ए' ही सहा अक्षरं त्यापुढे अगदीच साधी.

कोराकागद

हे भारीच! पण मग सगळ्यांनी बाइटच बघावेत की. नावाचा उपद्व्याप हवा कशाला?

शून्यातून

बाइटही फसवतात म्हणून.

वर्डची डॉक्स (डीओसीएक्स) फाईल घ्या. ती 'पीके' या अक्षरांनी सुरू होते, कारण आतून ती झिप आहे. एक्सएलएसएक्सही झिप, ईपब झिप, अँड्रॉइडची एपीके झिप, जावाची जार झिप. नुसती खूण बघणारा सगळ्यांना झिप म्हणणार. ईपब आणि ओपनडॉक्युमेंट बनवणाऱ्यांनी हे ओळखून नियम केला की झिपमधली पहिली फाईल 'माइमटाइप' नावाची असावी आणि ती दाबून लहान केलेली नसावी, म्हणजे ठरलेल्या जागी प्रकाराचं नाव उघडं वाचता येतं. डॉक्ससाठी मात्र आतल्या फायलींची नावं बघावी लागतात. जुन्या डॉक, एक्सएलएस आणि पीपीटीचीही तीच गत, तिघांची सुरुवात डी० सीएफ ११ ई०.

टक्करही होते. जावाची क्लास फाईल सीए एफई बीए बीई अशी सुरू होते. मॅकवरचा एकाहून जास्त प्रोसेसरसाठीचा प्रोग्रामही नेमका याच चार बाइटनी. पुढचा आकडा एकात जावाची आवृत्ती, दुसऱ्यात प्रोसेसरच्या प्रकारांची संख्या. आकडा लहान असेल तर मॅकचा, मोठा असेल तर जावाचा, अशा अंदाजावर 'फाईल' कमांड काम चालवते.

आणि एकच फाईल दोन्ही असू शकते. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, बऱ्याच इतर प्रकारांची खूण सुरुवातीला. दोन्ही टोकं वेगवेगळ्या मालकांना खूश करतात. अशा फाईलचा खरा प्रकार कोणता, या प्रश्नाला उत्तरच नाही.

टिपकागद

एक्सेलचा एक किस्सा इथे शोभेल. सीएसव्हीत पहिल्या रकान्याचं नाव मोठ्या लिपीत 'आयडी' असेल तर एक्सेल 'ही एसवायएलके फाईल असावी, पण नीट नाही' असं म्हणून कटकट करतं. कारण एसवायएलके या जुन्या प्रकाराची सुरुवात 'आयडी' याच दोन अक्षरांनी होते. रकान्याचं नाव लहान लिपीत केलं की वाद मिटतो.

निवांत

आणि एक्स्टेन्शन लपवायची विंडोजची सवय? मे २००० मधला 'आय लव्ह यू' वर्म त्यावरच पोसला. जोडलेल्या फाईलचं नाव 'टीएक्सटी'वर संपल्यासारखं दिसायचं, पण पुढे 'डॉट व्हीबीएस' होतं आणि ते लपलेलं. लोकांनी प्रेमपत्र म्हणून उघडलं, स्क्रिप्ट चालली. इतकं होऊनही ज्ञात एक्स्टेन्शन लपवण्याचा पर्याय पहिल्यापासून चालूच ठेवलेला असतो. जे निर्णायक आहे तेच झाकायचं, याला काय म्हणावं?

उलटाबाण

याला पूर्ण पाठिंबा. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, नवीन संगणकावर मी पहिलं काम हेच करतो.

तरी एक पळवाट उरतेच. युनिकोडमध्ये २०२ई हे अदृश्य चिन्ह आहे, त्यापुढचा मजकूर उजवीकडून डावीकडे दिसतो. ते नावात घुसवलं की 'ईएक्सई' मध्येच कुठेतरी दिसतं आणि शेवटी 'जेपीजी' दिसतं. सिस्टिम मात्र साठवलेला क्रम वाचते आणि प्रोग्राम चालवते. अशा वेळी एक्सप्लोररचा 'टाइप' रकाना बघायचा, तो फसत नाही.

बोरू

ब्राउझरचं राहिलं. तिथे नावही नाही आणि बाइटही नाही, सर्व्हर 'कंटेंट टाइप' म्हणून जे सांगेल ते प्रमाण. 'इमेज/पीएनजी' ही पद्धत १९९२ साली ईमेलसाठी ठरलेल्या एमआयएमईतून आलेली. सर्व्हर चुकीचं सांगायचे म्हणून ब्राउझर स्वतः बाइट हुंगायला लागले, मग कुणी चित्र म्हणून चढवलेल्या फाईलमध्ये एचटीएमएल भरून ते चालवून घेतलं. त्यावर उतारा म्हणून 'नोस्निफ' हे हेडर इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने आणलं. अँड्रॉइडवरही बरंचसं असंच चालतं, पाठवणारं ॲप जो प्रकार सांगतं त्यावर उघडणाऱ्या ॲप्सची यादी ठरते.

टिपकागद

माझी खरी अडचण आता विचारते. मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि विचित्र चिन्हं दिसतात. नोटपॅडमध्ये तीच फाईल स्वच्छ. हाही प्रकार ओळखण्याचाच घोळ आहे का?

शून्यातून

हो, आणि सर्वांत अवघड घोळ. साध्या मजकुराला खूणच नसते. सीएसव्ही हे नाव फक्त स्वल्पविराम आहेत एवढं सांगतं, अक्षरं कुठल्या पद्धतीने लिहिलीत ते सांगत नाही.

यूटीएफ-८ या युनिकोड लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पहिले दोन बाइट ई० ए४ किंवा ई० ए५ असेच. एक्सेलने ती फाईल जुन्या पाश्चात्त्य कोडपेजने (अक्षरांच्या तक्त्याने) वाचली की ई०चा तो तिरक्या रेघेचा ए होतो, आणि ए४, ए५ची चलनाची चिन्हं. म्हणून मराठी मजकूर बिघडला की नेहमी त्याच नक्षीत बिघडतो.

उपाय दोन. फाईलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ ही बीओएमची खूण घातली की एक्सेल ती यूटीएफ-८ म्हणून वाचतं. किंवा फाईल डबल-क्लिक न करता एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने आत घ्यायची आणि 'फाईल ओरिजिन'मध्ये ६५००१ निवडायचं.

बोरू

बीओएम फक्त एक्सेलसाठीच्या फायलींना घाला, सरसकट नको. स्क्रिप्टला घातलीत तर पहिले दोन बाइट हॅश-उद्गारचिन्ह राहत नाहीत आणि कर्नल तिला ओळखत नाही. चूक डोळ्यांना दिसतही नाही, कारण एडिटर बीओएम दाखवत नाही.

आणि आत घेताना रकान्यांचे प्रकारही तपासा. एक्सेल 'मार्च१'सारख्या मजकुराची तारीख करून टाकतं. शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत जनुकांच्या नावांचं हेच व्हायचं. शेवटी २०२०मध्ये एचजीएनसी या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, मार्च१चं मार्चएफ१ केलं. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांचं बारसं पुन्हा करणं सोपं गेलं.

टिपकागद

६५००१ निवडून आत घेतली, नावं नीट आली. फोन नंबरांच्या सुरुवातीचे शून्य मात्र उडालेत.

बोरू

तोच रोग. 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जाऊन तो रकाना 'टेक्स्ट' करा, मग 'लोड'.